पठारावरचा सरडा आणि पवनचक्क्या

भातकुली येथे भगवान आदिनाथांच्या दर्शनास जाणाऱ्या श्रावकांना वाटेत शेताच्या धुऱ्यावर, एखाद्या दगडावर बसून मान हलविणारा सरडा पुष्कळदा दिसतो. पूर्णेच्या खोऱ्यातील ही भूमी काळ्या मातीची; खडक येथे क्वचितच वर येतो. म्हणूनच की काय, सापडलेला दगड सरडा सहसा सोडीत नाही.

वऱ्हाडापासून साताऱ्यापर्यंत लेकराबाळांच्या तोंडी असलेला हा शब्द २०१६ साली प्राणिशास्त्रात दाखल झाला. गळ्याला पंख्यासारखी झालर असलेल्या काही सरड्यांसाठी संशोधकांनी नवी प्रजाती स्थापिली आणि तिला ‘सरडा’ हेच मराठी नाव दिले. तिच्यातील सर्वांत देखणी जाती, ‘सरडा सुपर्बा’, सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर आढळते. तेथे उघडा जांभा खडक, आखूड गवत आणि अखंड वारा. उन्हाळ्यात नर एखाद्या धोंड्यावर चढतो, मान उंचावतो आणि गळ्याची घडी उलगडतो. निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग क्षणभर झळकतात व मिटतात. मादीला मोहविणे आणि दुसऱ्या नराला बजावणे, दोन्ही त्यातच. मात्र ज्या धोंड्यावरून तो मादीला दिसतो, तेथेच तो शिकारी पक्ष्यांच्याही नजरेस पडतो.

याच पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. धूर नाही, राख नाही. व्यापारी घराण्यांना निर्दोष वाटावी अशीच ही गुंतवणूक. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पवनचक्क्या असलेला व नसलेला भाग ताडून पाहिला. त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पात्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. साहजिकच सरडे वाढले होते आणि धीटही झाले होते. माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नसत. रक्तातील ताणाचे संप्रेरकही कमी आढळले. येथवर सारे सुखाचे वाटते. परंतु हे सरडे अंगाने रोडावलेले होते आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले होते. गर्दी वाढली की अन्नासाठी चढाओढ आलीच.

सरकारी नोंदीत खडकाळ माळ ‘पडीक’ म्हणून गणला जातो, त्यामुळे असे प्रकल्प उभारताना तो सहज हाती लागतो. पवनचक्क्या नकोतच, असे संशोधकांचे म्हणणे नाही. त्या माणसाने आधीच वापरात आणलेल्या जागी, इमारतींवरसुद्धा, उभाराव्यात, असे ठाकर सुचवितात.