वैद्यनाथाचा उंबरठा आणि वैद्याची मर्यादा

युसूफ वडगाव (ता. केज) परिसरात चिकित्सा करणाऱ्या वैद्यास “आधी परळीला जाऊन येतो, मग औषध सुरू करतो” हे रुग्णाचे उत्तर नवीन नाही. बीड जिल्ह्यातच वैद्यनाथ नांदत असल्याने ते स्वाभाविकही आहे. प्रश्न एवढाच, की अशा वेळी वैद्याने काय म्हणावे?

परळीच्या परंपरेनुसार समुद्रमंथनातून निघालेले अमृत व धन्वंतरी असुरांच्या हाती लागू नयेत म्हणून श्रीविष्णूंनी ते शिवलिंगात लपविले. असुरांनी स्पर्श करताच ज्वाळा उसळल्या. भक्तांनी स्पर्श केला तेव्हा अमृतधारा वाहिली. म्हणूनच येथे लिंगाला स्पर्श करून दर्शन घेण्याची प्रथा आहे. मंदिराचा जीर्णोद्धार १८व्या शतकात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी केला. ज्योतिर्लिंगाचा मान झारखंडमधील देवघरही सांगते. तो वाद येथे नको.

ग्रीस देशातील एपिडॉरस येथे अस्क्लेपियस या वैद्यदेवतेचे असेच पीठ होते. अपोलोचा हा पुत्र किरॉनकडे वैद्यक शिकला. परंतु त्याने मृतास जिवंत केल्यामुळे झ्यूसने त्याच्यावर वज्र टाकले, अशी कथा आहे. रुग्ण तेथे शुचिर्भूत होऊन एका शयनगृहात झोपत व स्वप्नात देव उपचार सांगे, अशी श्रद्धा होती. बरे झालेल्यांचे वृत्तांत शिलांवर कोरले जात. त्यांपैकी सुमारे ७० आज उपलब्ध आहेत. मात्र त्या पवित्र आवारात जन्म आणि मृत्यू दोन्ही निषिद्ध होते. आसन्नमरण रुग्णास बाहेर काढले जाई.

इ. स. दुसऱ्या शतकातील अपेलास नामक अग्निमांद्याच्या रुग्णाचा शिलालेख आपणांस विशेष बोधप्रद आहे. त्यास देवाने चमत्कार नव्हे, तर पथ्य सांगितले: ठराविक आहार, अनवाणी चालणे, धावणे, स्नान. देवाच्या मुखातूनही शेवटी दिनचर्याच प्रकटली!

चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत विरोध नाही. म्हणून परळीस निघालेल्या रुग्णास अडवू नये. परंतु तीव्र ज्वर, छातीत वेदना, रक्तस्राव किंवा सर्पदंश असेल, तर “दर्शन नंतर, रुग्णालय आधी” हे स्पष्ट सांगावे. जवळच अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. रुग्ण दीर्घकाळचे औषध घेत असेल, तर “प्रवासातही ते चुकवू नका” अशी सूचना औषध विक्रेत्यांनी आवर्जून द्यावी.

एपिडॉरसच्या शिलांवर केवळ यशाची नोंद आहे. आपल्या रुग्णपत्रिकेत मात्र अपयशाचीही असावी. साध्यासाध्यता ओळखावी, ही चरकाचार्यांची शिकवण आहे; असाध्य व्याधीत खोटी आशाही देऊ नये. एपिडॉरसने मरणोन्मुख रुग्णास आवाराबाहेर ठेवले. आपण त्यास बरे करू शकणार नाही. परंतु त्याच्या उशाशी बसून सत्य सांगू शकतो. वैद्यनाथाच्या जिल्ह्यातील वैद्याकडून तेवढी अपेक्षा रास्तच आहे.