आडनावाची पट्टी आणि द्वेषाची व्याख्या

बीड जिल्हा पोलीस दलाने 2025 च्या मार्चमध्ये कर्मचाऱ्यांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनाव काढून टाकले. सहकाऱ्यांनी एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारावी, अशी सूचना पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी त्याआधीच दिली होती. पट्ट्यांचा निर्णय हा तिचाच पुढचा भाग. मराठवाड्यात आडनाव कानावर पडले की जात कळते, पुष्कळदा गावही ओळखता येते, आणि फिर्याद द्यायला आलेला माणूस समोरच्या अंमलदाराच्या छातीवरची पट्टी वाचून आपली दाद लागेल की नाही याचा अंदाज बांधतो, ही शंका त्या निर्णयामागे होती. द्वेषमूलक वक्तव्य, म्हणजे जात, धर्म, भाषा अशा ओळखीवरून एखाद्या समूहाविषयी वैर पसरवणारे बोलणे-लिहिणे, याच्या चर्चेत या आदेशाचा उल्लेख सहसा होत नाही, कारण त्याने कोणाच्या बोलण्यावर बंधन घातलेले नाही. मात्र शब्दाला द्वेषाचा अर्थ अनेकदा बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या आडनावातून मिळतो, ही कायद्याच्या पुस्तकाला अजून नीट न पेललेली गोष्ट त्या एवढ्याशा पट्टीने मान्य केली.

तशी वेळ का आली, हे समजण्यासाठी दीड वर्ष मागे जावे लागते. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगावी पुढाऱ्यांना ‘गावबंदी’चे फलक लागलेले असताना, आंदोलनाविषयीची एक ध्वनिफीत फिरल्यानंतर, 30 ऑक्टोबर 2023 रोजी आमदार प्रकाश सोळंके यांचे माजलगावचे घर पेटवण्यात आले आणि त्याच दिवशी बीड शहरातही लोकप्रतिनिधींच्या मालमत्तांची जाळपोळ झाली. पुढे 2024 च्या लोकसभा निवडणुकीत बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा 6,553 मतांनी पराभव केला. एवढ्या निसटत्या निकालाचा हिशोब उमेदवारांच्या कामगिरीवरून न मांडता मराठा आणि वंजारी अशा दोन रकान्यांत मांडला गेला, आणि अमक्यांच्या दुकानातून माल घेऊ नका, ही भाषा समाजमाध्यमांवर उघडपणे होऊ लागली. त्यानंतर 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. तपासयंत्रणेचे आरोपपत्र या गुन्ह्याचे मूळ पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीत असल्याचे सांगते, म्हणजे हा आरोप पैशाच्या आणि दहशतीच्या गुन्ह्याचा आहे. पण मृत सरपंच मराठा आणि बहुतेक आरोपी वंजारी असल्यामुळे, खंडणीशी सुतराम संबंध नसलेल्या हजारो माणसांच्या आडनावांवर या प्रकरणाचा डाग पाडला गेला.

अशा बोलण्याला कायदा कोणत्या कलमाखाली धरतो? 1860 च्या भारतीय दंड संहितेत 1898 साली, राजद्रोहाचे कलम अधिक कडक करणाऱ्या त्याच दुरुस्तीने, 153-अ हे कलम घालण्यात आले. आदल्याच वर्षी टिळकांना ‘केसरी’तील लेखनासाठी शिक्षा झालेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे समूहांतील सलोख्याइतकीच सरकारला स्वतःची काळजी होती, असे म्हणण्यास जागा राहते. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याविषयीचे 295-अ हे कलम 1927 साली आले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे 196 आणि 299 या क्रमांकांनी पुढे चालू आहेत. ‘द्वेषमूलक वक्तव्य’ या संज्ञेची व्याख्या मात्र त्या संहितेतही नाही, जरी विधी आयोगाने मार्च 2017 मधील आपल्या 267 व्या अहवालात त्यासाठी दोन नव्या कलमांचा मसुदा करून दिला होता.

व्याख्येची ही उणीव न्यायालयांनी कसोट्यांनी भरून काढली, आणि त्यातील सर्वांत टिकाऊ कसोटी नागपूरची आहे. शब्दांचा परिणाम जोखताना समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसाच्या मापाने जोखावा, पदोपदी संशय घेणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे, असे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात म्हटले. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रावरून उद्भवलेल्या खटल्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने वैर वाढवण्याचा हेतू हाच या गुन्ह्याचा गाभा असल्याचे सांगितले. कोल्हापूरमधील एका प्राध्यापकाने कलम 370 रद्द करण्याविरुद्ध ठेवलेल्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून नोंदवलेला गुन्हा मार्च 2024 मध्ये रद्द करताना त्याच न्यायालयाने बोस यांचेच माप लावले. सरकारवरील टीकेला या कसोटीने जे संरक्षण दिले, ते मोलाचे आहे. जातीजातींतील चिथावणीसाठी मात्र हे माप अपुरे पडते. स्टेटस ही चीजच पाहा: ते सभेतले भाषण नव्हे आणि खासगी पत्रही नव्हे, नंबर जतन केलेल्या ओळखीच्यांनाच ते दिसते, एक दिवसाने आपोआप पुसले जाते, पण तेवढ्यात त्याचा स्क्रीनशॉट पलीकडच्या वस्तीत पोचलेला असतो. तिथे ते वाचणारा कोणी कल्पित समंजस माणूस नसतो; लिहिणाऱ्याचे घर, भावकी आणि आडनाव ठाऊक असलेला तो शेजारी असतो.

जगातील उत्तरे एकसारखी नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1969 पासून तात्काळ बेकायदा कृत्याची चिथावणी आणि तसे घडण्याची शक्यता, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय बोलण्यास शिक्षा नाकारली. जर्मनीच्या दंडसंहितेचे कलम 130 समूहाच्या मानवी प्रतिष्ठेवरील हल्लादेखील गुन्हा ठरवते. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने 2012 साली तयार झालेल्या रबात आराखड्यात संदर्भ, वक्त्याचे स्थान, हेतू, मजकूर, प्रसार आणि हानीचा संभव अशी सहा अंगे तपासण्यास सांगितले आहे. बीडच्या दृष्टीने त्यातील पहिली दोन सर्वांत महत्त्वाची. भारतीय कायद्यात ही नजर अपवादाने दिसते: अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा 1989 चा कायदा 2015 च्या दुरुस्तीनंतर या समूहांविषयी द्वेष पसरवण्यास स्वतंत्र गुन्हा मानतो, म्हणजे कोण कोणाविषयी बोलतो याला तो महत्त्व देतो.

सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 2023 रोजी सर्व राज्यांना तक्रारीची वाट न पाहता अशा वक्तव्यांवर गुन्हे नोंदवण्याचा आदेश दिला. गुन्हा नोंदवणे सोपे असते, पण कलम 196 खालील आरोपाची दखल न्यायालयाने घेण्यापूर्वी सरकारची परवानगी लागते, आणि बडा वक्ता सत्तेच्या जवळचा असला की ती फाईल हलत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यामुळे प्रत्यक्षात बोलण्याचे नियमन दुसरीकडेच होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली प्रशासन घोषणा, गाणी, वाद्ये, फलक आणि जमाव यांवर काही दिवसांची बंदी घालते, ज्याला लोक सरसकट ‘जमावबंदी’ म्हणतात. 2023 च्या जाळपोळीनंतर तर संचारबंदी आणि इंटरनेटबंदीही आली. या उपायांनी रस्ता शांत होतो, पण चिथावणारा आणि ज्याला चिथावले तो, दोघेही सारखेच गप्प बसवले जातात, आणि अपराध कोणाचा हे ठरतच नाही.

सर्वांत मोठी फट बहिष्काराच्या बाबतीत आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. 2016 चा हा अधिनियम जुलै 2017 मध्ये लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची किंवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. जातपंचायती आपल्याच माणसांना वाळीत टाकत, त्या प्रथेविरुद्ध तो रचलेला असल्यामुळे त्यातील बहिष्कार म्हणजे एका समुदायाने आपल्याच सदस्यावर घातलेला बहिष्कार. एका जातीने दुसऱ्या जातीच्या किराणा दुकानाकडे, केशकर्तनालयाकडे किंवा ट्रॅक्टरकडे पाठ फिरवण्याची हाक दिली, तर हा कायदा तिथे लागू होत नाही, आणि हाकेतील शब्द पुरेसे सौम्य ठेवले तर कलम 196 लाही ती सहज चकवते. बीडमधील द्वेषाचे सर्वांत वापरातले रूप असे दोन कायद्यांच्या मधल्या जागेत उभे आहे. त्यासाठी द्वेषाची नवी व्याख्या शोधत बसण्याची गरज नाही. 2016 च्या अधिनियमातील ‘आपल्या समुदायाच्या सदस्यावर’ एवढ्या मर्यादेपुरती दुरुस्ती विधिमंडळाने करावी.