शॉवर, नीलगिरी तेल आणि एप्सम सॉल्ट

तमिळनाडूत वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजात होतो तेव्हा कुन्नूरच्या बाजारातून नीलगिरी तेल आणायची सवय लागली. निवृत्तीनंतरही सुटली नाही.

पण मी थेंब शॉवरखाली लादीवर टाकायचो. तेल पाण्यात विरघळत नाही, लादीवर तवंग राहतो. एका सकाळी पाय सटकला. नळ हाती आला म्हणून माकडहाड वाचलं! आता दोन-तीन थेंब ओल्या नॅपकिनवर टाकून तो धारेपासून दूर खुंटीला लावतो. गरम वाफेबरोबर वास आपोआप पसरतो.

बादलीतही थेट टाकू नका. तेल वर तरंगतं आणि पहिल्याच तांब्यात सगळं अंगावर येऊन त्वचा चुरचुरते. लावायचंच तर चमचाभर खोबरेलात एक-दोन थेंब.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जेवणातलं मीठ नव्हे. ते भिजण्यासाठी असतं; शॉवरमध्ये सरळ मोरीत जातं. त्यापेक्षा घमेल्यात कोमट पाणी, मूठभर सॉल्ट, पंधरा मिनिटं पाय बुडवून बसा. मधुमेह किंवा जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि बाटली नातवंडांपासून लांब, कुलपात. थोडंसं नीलगिरी तेल पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात.