जनित्र-जालक जोडणीतील दोषसंरक्षण
जनित्र-जालक जोडणीतील दोषसंरक्षण : वीजनिर्मिती केंद्र पारेषण अथवा वितरण जालकास जोडल्यावर मंडलात उद्‌भवणारा दोष कोणी, कोठे व किती वेळात तोडावयाचा, याची उत्पादक आणि जालकचालक यांच्यात केलेली वाटणी. ती जोडणी करारात नमूद केलेली असते.

वीज कोसळणे, विसंवाहक फुटणे, तारेवर फांदी पडणे इ. कारणांनी दोन तारा एकमेकींस वा जमिनीस जोडल्या गेल्यास फार मोठा प्रवाह वाहतो. साध्या ग्राहकाकडे हा प्रवाह एकाच बाजूने येतो. जनित्र जोडलेले असल्यास मात्र दोषबिंदूकडे जालक व जनित्र अशा दोन्ही बाजूंनी प्रवाह लोटतो. म्हणून दोन्ही टोकांचे मंडल खंडक उघडल्याखेरीज दोष सुटत नाही. करारातील वाटणीचे मूळ कारण हेच होय.

सर्वसाधारणपणे जनित्राच्या वेटोळ्यांतील दोष, क्षेत्र-प्रवाह नाहीसा होणे, शक्ती उलट दिशेने वाहणे इत्यादींपासून संरक्षण उत्पादकाकडे असते, तर उपकेंद्रातील मुख्य दंड व पुढील वाहिन्या जालकचालकाकडे असतात. खरी अडचण सीमेवर येते. प्रवाह रोहित्र एकाच्या मालकीचे आणि त्यावर चालणारा रिले दुसऱ्याच्या, अशी स्थिती तेथे असू शकते. संरक्षणाचे पट्टे तर एकमेकांवर चढलेलेच ठेवावे लागतात; अन्यथा मधला भाग उघडा राहतो. म्हणजेच मालकीची सीमा व संरक्षणाची सीमा एकच नसते.

महाराष्ट्राच्या बहुतांश भागात पूर्वी निर्मिती व पारेषण ही दोन्ही कामे राज्य विद्युत मंडळाकडे होती. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन स्वतंत्र कंपन्या झाल्या व लेखी वाटणीस महत्त्व आले. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १० अन्वये केंद्र, त्याची उपकेंद्रे व समर्पित वाहिन्या सुस्थितीत राखणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ च्या जोडणी मानकांनुसार प्रत्येक जोडणीस्थळी जबाबदारीची अनुसूची करावी लागते. तीत प्रत्येक उपकरणाची मालकी, नियंत्रण, देखभाल व चाचणी कोणाकडे, हे लिहिलेले असते. ४०० किलोव्होल्ट पातळीवर दोष १०० मिलिसेकंदांत, तर २२० व १३२ किलोव्होल्टवर १६० मिलिसेकंदांत, म्हणजे अनुक्रमे ५ व ८ आवर्तनांत तुटावा, अशी मर्यादा आहे.

संरक्षण मंद असणे जसे घातक, तसेच ते अनाठायी चालणेही घातक ठरते. ३० जुलै २०१२ रोजी बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी प्रत्यक्ष दोष नसताना केवळ अतिभारामुळे अंतर-रिलेच्या तिसऱ्या पट्ट्यात येऊन तुटली आणि उत्तर भारताचे जालक कोसळले. म्हणून रिलेची मांडणी कोणा एकाने परस्पर बदलू नये, ती भारप्रेषण केंद्राशी समन्वय साधून ठरवावी, हे कलम करारात आवश्यक ठरते.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात याची दोन भिन्न रूपे दिसतात. पैठण येथील जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगॅवॉटचा उलटसुलट चालणारा संच आहे. असा संच पंप म्हणून चालतो तेव्हा जालकाकडून शक्ती घेणे हीच त्याची नेहमीची स्थिती असते. त्यामुळे उलट-शक्ती रिले त्या वेळी रोखून धरावा लागतो. दुसरे रूप छपरांवरील सौर संचांचे. जालकाचा पुरवठा बंद पडल्यावर अशा संचाने दोन सेकंदांच्या आत वीज देणे थांबवावे, असे २०१३ ची मानके सांगतात; शिवाय वितरण कंपनीच्या कर्मचाऱ्यास कुलूप लावता येईल असा विलगक स्विच आवश्यक असतो. वाहिनी मृत समजून खांबावर चढलेल्या तारमार्ग कर्मचाऱ्याचे प्राण या तरतुदीवर अवलंबून असतात. मात्र स्विच उघडल्यानंतरही तार भूसंपर्कित करूनच काम सुरू करावयाचे असते. ही जबाबदारी वितरण कंपनीची असून ती कोणत्याही कराराने उत्पादकाकडे जात नाही.