वेदीवरील कोकरा आणि उत्तम शुक्रवार

आज उत्तम शुक्रवार. सोलापूरच्या चर्चमधून आज ‘देवाचा कोकरा’ हे शब्द पुनःपुन्हा उच्चारले जातील. परंतु ज्या वेदीवरून हे शब्द आले, त्या प्राचीन इस्राएलाच्या यज्ञवेदीकडे आपण क्वचितच वळून पाहतो. बायबलातील ‘लेवीय’ उघडावे, तो रक्त, चरबी आणि राख यांचेच तपशील! भाविक वाचक संकोचाने पाने उलटतो. आमचा देव रक्ताला तहानलेला होता काय, हा प्रश्न मनात येतो आणि तो कोणी विचारीत नाही.

वास्तविक सोलापूरकराला या विषयाचे वावडे नसावे. जवळच तुळजापूरला शारदीय नवरात्रात होम आणि अजाबली हे विधी होतात. नवसाचा बोकड आणि जत्रेचे जेवण आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. इस्राएलातही नवसाचे अर्पण होते. शांत्यर्पण म्हणजे तर देवासमोरील सहभोजनच. उपकारस्तुतीसाठी वधलेल्या पशूचे मांस त्याच दिवशी संपवावे, सकाळपर्यंत ठेवू नये, असा दंडक असे. एका कुटुंबाने अख्खा बैल एका दिवसात संपवावा कसा? शेजारीपाजारी बोलावल्यावाचून गत्यंतरच नाही!

पापार्पणाची रीत मात्र गंभीर. अपराधी मनुष्य पशूच्या मस्तकावर हात ठेवी आणि त्याचा वध स्वतःच्या हाताने करी. याजकाला दक्षिणा देऊन दूर उभे राहण्याची सोय नव्हती. रक्तात जीव आहे आणि जीव देवाचा आहे, म्हणून ते माणसाने सेवन करावयाचे नाही, वेदीलाच द्यावयाचे. तहान भागविण्याची ही कल्पना नव्हे. घेतलेल्या जिवाचा हिशेब देण्याची आहे. शिवाय कोकराची ऐपत नसलेल्याने दोन पारवे आणावेत, तेही न जमल्यास एफाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे दोन शेर, सपीठ आणावे. बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठीही गरिबाला पक्ष्यांची सवलत असे. येशूच्या मातापित्यांनी तीच घेतली.

इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि वेदी थंडावली. यहुदी समाजाने प्रार्थना, पश्चात्ताप आणि दानधर्म यांना यज्ञाचे स्थान दिले. कोकणातील आपले मराठीभाषिक बेने इस्राएल एलियाहू हन्नबीच्या स्मरणार्थ पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करतात. त्यात रक्त नाही, अग्नी नाही. वाटून खाणे तेवढे टिकले आहे.

ख्रिस्ती भाविकांचे उत्तर निराळे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रानुसार वधस्तंभावरील अर्पण एकदाच आणि कायमचे झाले. ही श्रद्धा आमच्या जिव्हाळ्याची आहे. पण तिचा एक सोयीस्कर अर्थही रूढ होऊ पाहतो : सर्व काही दुसऱ्याने दिले, आता आम्ही उपासनेस येऊन गीते म्हणावीत! पौलाने तर रोमकरांकडे त्यांची शरीरेच जिवंत यज्ञ म्हणून मागितली होती.

दावीद राजाला यज्ञासाठी जागा हवी होती. अरवना यबूसीने खळे, बैल आणि लाकडे फुकट देऊ केली. राजाने ती नाकारली. फुकटाचे अर्पण देवाला नको म्हणून 50 शेकेल रुपे मोजून त्याने खळे आणि बैल विकत घेतले. पुढे शलमोनाने मंदिर बांधले, ते त्याच खळ्यावर.