जुना गेम नव्याने करताना : ‘जसाच्या तसा’ म्हणजे नेमका कसा?

(खापरखेडा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आपलं गाव वीज केंद्राचं. इथं जुना पंप काढून नवा बसवला, तर आपण एवढंच पाहतो की पाणी तेवढंच येतं ना. जुन्यासारखा आवाज का येत नाही, असं कुणी विचारत नाही. व्हिडिओ गेमचा चाहता मात्र आधी तेच विचारतो. आणि माझ्या मते तो बरोबर विचारतो.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घेऊ. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा गेम २००३ साली युबिसॉफ्ट कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओने केला. भिंतीवरून धावणारा राजपुत्र, आणि हातात वेळ मागे फिरवणारा खंजीर. उडी चुकली, की बटण दाबायचं. काही सेकंद उलटे फिरतात, पुन्हा उडी मारायची.

हा गेम नव्याने करायचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आलं. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला आणि चाहते नाराज झाले. चेहरे निर्जीव आहेत, चित्र जुनाट आहे, अशी टीका झाली. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच उरली नाही. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला परत गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने ते रद्दच केलं.

आता पेच बघा. चाहते म्हणतात, जसाच्या तसा द्या. आणि जुनाट दिसला, तर चिडतात. हा हट्टीपणा आहे का? नाही. आपल्या दोन आठवणी वेगळ्या वागतात. डोळ्यांची आठवण काळाबरोबर सुंदर होत जाते. २००३ चं चित्र आज पाहिलं, तर ‘हे असं होतं?’ असं वाटतं. हातांची आठवण मात्र बदलत नाही. बटण दाबल्यावर किती वेळाने उडी निघते, कडा किती लांबून हाताला लागते, हे बोटांना पक्कं ठाऊक असतं.

ही लय मुळापासूनची आहे. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ चा पहिला गेम करताना आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. म्हणून त्या उडीला माणसाचं वजन आहे.

नाटकातही हेच होतं. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं १९६७ चं नाटक. २०१५ मध्ये चित्रपट आला, तेव्हा त्यात भव्य सेट आले, नवी गाणी आली. पण अभिषेकीबुवांच्या जुन्या चालीही राहिल्या, आणि वसंतराव देशपांडे यांचे नातू राहुल देशपांडे त्यात गायले. म्हणजे डोळ्यांना नवं दिलं, कानांचं जुनं जपलं.

तेव्हा गेम नव्याने करणाऱ्यांनी आधी विचारावं : लोकांनी हा कशाने लक्षात ठेवलाय, डोळ्यांनी की हातांनी? डोळ्यांसाठी खुशाल बदला. हातांचं मात्र मोजून जपा. कारण खेळात चुकलेली उडी खंजीर परत देतो. गेम करणाऱ्यांच्या हातात तो खंजीर नसतो.