सुई टोचण्याआधी काय सांगितलं होतं?

गर्भनिरोधक इंजेक्शनची तक्रार घेऊन बाई वकिलाकडे येते, तेव्हा तिच्या हातात बहुधा एकही कागद नसतो. पाळी चुकली, मग महिनाभर अंगावरून जात राहिलं, वजन वाढलं, इंजेक्शन बंद केलं तरी दिवस राहत नाहीत. सगळी हकिकत तोंडी. औषधाचं नाव विचारलं, तर "ते तीन महिन्यांचं" एवढंच उत्तर. साताऱ्यात मी ग्राहक आयोगातली कामं करते. या बायकांच्या दुखण्याबद्दल मला कधीच शंका वाटलेली नाही. पण दावा उभा राहतो तो वेगळ्याच प्रश्नावर. सुई टोचण्याआधी तुला काय सांगितलं होतं?

हाच प्रश्न आज अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर विचारला जातो आहे. औषध आहे डेपो-प्रोव्हेरा, म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम. ते बनवणाऱ्या फायझर कंपनीविरुद्धचे संघराज्यीय न्यायालयांतले दावे फेब्रुवारी २०२५मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे न्यायाधीश केसी रॉजर्स यांच्यापुढे एकत्र आणले गेले. हे इंजेक्शन बरीच वर्षं घेतल्याने आपल्याला मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ झाली, असं या बायकांचं म्हणणं आहे. ही गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, तरी ती काढायला कवटी उघडावी लागू शकते.

या दाव्यांना बळ मिळालं ते मार्च २०२४मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या फ्रेंच अभ्यासामुळे. मेनिंजिओमाची शस्त्रक्रिया झालेल्या १८,०६१ बायकांची तुलना ९०,३०५ इतर बायकांशी केली होती. या इंजेक्शनाशी जोडलेला धोका साडेपाच पटींच्या आसपास निघाला. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी हे इंजेक्शन घेतलेल्या होत्या फक्त ९ जणी, आणि दुसऱ्या गटात ११. मुळात दुर्मीळ असलेल्या गाठीचा धोका साडेपाच पट झाला, तरी ती दुर्मीळच राहते. हे वाचून घाबरून कुणी परस्पर इंजेक्शन सोडू नये.

कोर्टातला खरा वाद मात्र औषधासोबतच्या माहितीपत्रकाचा आहे. कॅनडातल्या पत्रकावर या गाठीचा उल्लेख होता, मग आम्हाला का नाही सांगितलं, असं बायका विचारतात. आम्ही इशारा छापण्याची परवानगी मागितली होती, तिथल्या औषध नियामकाने, एफडीएनेच, ती तेव्हा दिली नाही, असं कंपनी म्हणते. हाडं ठिसूळ होण्याचा ठळक, चौकटीतला इशारा तिथे २००४पासून आहे. छापलेल्या धोक्यावर भांडणं अवघड, न छापलेल्यावर सोपं. शिवाय प्रत्येकीला सिद्ध करावं लागतं की आपण घेतलेलं इंजेक्शन याच कंपनीचं होतं. म्हणजे तिथेही शेवटी कागदच.

आपल्याकडे हे औषध खासगी दवाखान्यांत नव्वदच्या दशकापासून मिळतं. सरकारी कुटुंब नियोजनात ते २०१७मध्ये 'अंतरा' या नावाने आलं, फुकट. त्याआधी मोठा झगडा झाला होता. हैदराबादजवळच्या पटनचेरूला नेट-एन या अशाच इंजेक्शनची चाचणी बायकांना धड माहिती न देता चालली आहे, असं स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांना दिसलं आणि १९८६मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. भांडण तेव्हाही सांगण्या-न सांगण्याचंच होतं.

पैसे मोजून इंजेक्शन घेतलं असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येतं. त्यात उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरणच आहे. पाळी अनियमित होणं, शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागणं, हे या औषधाचे माहीत असलेले परिणाम आहेत. ते झाले एवढ्यावर भरपाई मिळत नाही. पण नवं लग्न झालेल्या, वर्षभरात मूल हवं असणाऱ्या मुलीला हे कुणी सांगितलंच नाही, आणि मग घरच्यांनी तिला वांझ ठरवलं, तर? संमती घेताना धोके आणि पर्याय समजावलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये स्पष्ट केलं आहे.

सगळ्यांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्यात मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालानुसार रुग्ण 'ग्राहक' ठरत नाही. उरतं दिवाणी कोर्ट किंवा उच्च न्यायालय. नसबंदी फसली तर सरकारची भरपाई योजना आहे, इंजेक्शनसाठी तशी नाही. ज्यांना दुसरीकडे जायची ऐपत नाही त्यांच्याच वाट्याला लांबचा रस्ता येतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

आणि मुदत! तक्रारीला दोनच वर्षं. गोव्यातल्या एका परिचारिकेच्या पोटात १९९३च्या शस्त्रक्रियेत राहिलेलं कापड २००२मध्ये सापडलं. तिने २००४मध्ये तक्रार केली. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं दुखत होतं, तर त्या डॉक्टरांकडे परत का गेली नाहीस, असा सवाल होता. दुखणं अंगावर काढायची आपली सवय कोर्टात अशी आड येते.

म्हणून माझा आग्रह असतो, त्रास झाला की त्याच दवाखान्यात परत जा आणि तक्रार केसपेपरवर लिहूनच घ्या. अंतराचं कार्ड मिळतं, त्यावर डोसची तारीख असते, ते जपा. खासगीत बिल घ्या, औषधाचं नाव आणि बॅच नंबर असलेलं. दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर कळवता येतो. कागद दवाखान्यातच राहिले असतील, तर लेखी अर्ज करा. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.